उंची पाच फूट, चपलांसह

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, दिवंगत मास्तरांची पत्नी, हे मृत्युपत्र शुद्धीवर, स्वतःच्या मर्जीने आणि बसून लिहीत आहे. 'बसून' हा शब्द वकिलांनी घातलेला नाही, मी घातला आहे. डोके ठिकाणावर असल्याची खात्री खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी काल करून घेतली. त्यांनी वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात-सात वजा करत खाली यायला सांगितले. मी आले. वर त्यांच्या दवाखान्याचे छत किती उंच आहे तेही सांगितले, जे त्यांनी विचारले नव्हते. शरीर म्हणाल तर दमले आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. मुलगा आणि मुलगी दोघेही मला आपापल्या बाजूला ओढत असतात, पण दोन्हीकडून सारखीच ओढ असली की माणूस जागचा हलत नाही. माझ्या सर्व कागदपत्रांत माझी उंची पाच फूट अशी नोंदलेली आहे. तिच्याविषयी पुढे लिहिते.

१. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. मास्तर गेल्यावर थोड्याच दिवसांत, सगळे निम्मे-निम्मे लिहून. ते रद्द समजावे. तेव्हा मी विचार केलाच नव्हता. मला लवकर आडवे व्हायचे होते, एवढेच. हे मृत्युपत्र अखेरचे. यानंतर आणखी एक लिहिण्याचे त्राण माझ्यात नाही, हे मुलांनी ध्यानात घ्यावे.

२. मृत्युपत्राचा अंमल जावयांनी करावा. ते हिशेबनीस आहेत, आणि आमच्या घरातल्या एकाही भांडणात अजून पडलेले नाहीत. एवढी वर्षे हे जमवणाऱ्या माणसावर कोणीही विश्वास ठेवील.

३. माझी सर्व स्थावर-जंगम मिळकत स्वकष्टार्जित आहे, किंवा मास्तरांकडून रीतसर माझ्याकडे आलेली आहे. "स्वकष्टार्जित म्हणजे कष्ट कोणते?" असे वकिलांनी विचारले. "उभं राहण्याचे," मी म्हणाले. त्यांनी पेन खाली ठेवले. म्हणून खुलासा करते.

मास्तर विद्यालयात इमारतींचा इतिहास शिकवत. जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले नाही ते वर्गात शिकवायचे नाही, असा त्यांचा हट्ट होता. पुस्तकातले फोटो दाखवून शिकवणे म्हणजे दुसऱ्याने चावलेला घास भरवणे, असे ते म्हणत. त्यामुळे दर मोठ्या सुट्टीत आम्ही बाहेर पडायचो. मोडके पूल, पडके किल्ले, राजवाडे, प्रार्थनेच्या जागा, कबरी, चित्रांचे महाल. रेल्वे, बस, कधी बोट, आणि उरलेले सगळे पायी. मास्तर कॅमेरा लावत, आणि मी इमारतीच्या पायथ्याशी जाऊन उभी राहत असे. फोटोत इमारत केवढी आहे ते समजत नाही, म्हणून तिच्याजवळ माणूस उभा करतात, त्याच्यावरून मोजायचे. तो माणूस मी. वर्गात मास्तर भिंतीवर स्लाइड टाकून म्हणत, "ही खाली लाल ठिपका दिसते ती पाच फूट धरा. आता सांगा, कमान केवढी?" मुले मोजत.

ठिपका लाल, कारण मला लाल स्वेटर घालावा लागे. ऊन असो, घाम असो. दगडाच्या रंगावर दुसरा रंग उठत नाही.

आता उंची. लग्न जुळताना माझ्या वडिलांनी माझी उंची पाच फूट सांगितली. वडिलांना दोन इंच म्हणजे काहीच वाटत नसे. ते कापडाचे व्यापारी होते. पहिल्याच प्रवासात मास्तरांनी एक दरवाजा टेपने मोजला, मग फोटोत माझ्यावरून मोजला, आणि दरवाजा वाढलेला निघाला. त्यांनी टेप बदलली. पुन्हा वाढला. सासऱ्यांवर संशय घेण्याआधी त्यांनी दोन टेपांवर संशय घेतला, हे मी त्यांच्या बाजूने इथे नोंदवते. शेवटी घरी येऊन मला स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकवून मोजले. चार फूट दहा इंच. रागावले नाहीत. "चार फूट दहाने भागत बसायला पोरांना जड जाईल," एवढेच म्हणाले, आणि मला कोपऱ्यावरच्या चपलावाल्याकडे घेऊन गेले. त्याने दोन इंच जाडीच्या सपाट तळाच्या चपला करून दिल्या. पायांना विटा बांधाव्यात तशा. जगातल्या उत्तमोत्तम फरशांवर मी त्या घालून चालले आहे. जिथे चपला बाहेर काढाव्या लागत, तिथे मास्तरांच्या पिशवीत तेवढ्याच जाडीची लाकडी फळी असे. मी तिच्यावर उभी राहायची. लोकांना वाटे, या बाईचा काही नवस आहे.

साठीनंतर मी आखडू लागले. दर एक-दोन वर्षांनी मास्तर मला चौकटीला लावून बघत, आणि चपलावाला तळ वाढवत जाई. इमारती तेवढ्याच राहिल्या पाहिजेत ना.

या सगळ्यात मी काय पाहिले, असे कोणी विचारील. माझी नणंद दर वेळी विचारायची, "काय काय बघितलंस गं?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेई. खरे असे आहे की जो मापासाठी उभा राहतो त्याची पाठ इमारतीकडे असते. कॅमेऱ्याचा खटका वाजल्यावर मी वळायची, पण इतक्या जवळून घुमटाची फक्त खालची दगडांची रांग दिसते, तिच्या भेगेतल्या मुंग्या दिसतात, आणि राखणदाराची मोडकी खुर्ची. सगळे मिळून दिसते ते मास्तर उभे असत तिथून. मी तिथवर पोचेपर्यंत त्यांनी स्टँड मिटलेला असे. "चल, उजेड जातोय. अजून मागची बाजू राहिली." की निघालो. मग घरी येऊन, पडदे ओढून, मी तो घुमट भिंतीवर बघायची. त्याच्याखाली मीच उभी. इतके पैसे आणि इतके पाय मोडून प्रत्यक्ष जाऊन आले, आणि पाहिले ते आमच्याच बैठकीच्या खोलीत.

चित्रांशेजारीही मलाच उभे करत. एका महालात भिंतभर लढाईचे चित्र होते. त्याच्या कडेला मी उभी असताना एक गृहस्थ आले आणि मला विचारू लागले, "बाई, इथलं स्वच्छतागृह कुठे आहे?" त्यांना मी तिथली नोकर वाटले. मी त्यांना दाखवले, कारण मला ते ठाऊक होते. प्रत्येक थोर ठिकाणचे स्वच्छतागृह आणि बसायचा बाक कुठे आहे, ते मी आजही सांगू शकते.

४. राहते घर, तिसरा मजला, तीन खोल्या, हे मी मुलीला देत आहे. मुलाने याबद्दल वाईट वाटून घेऊ नये. त्याचे स्वतःचे घर आहे, त्याने स्वतः आखलेले. त्याच्या जिन्याला कठडा नाही, कारण कठड्याने रेषा बिघडते, असे तो म्हणतो. मी त्या घरात एकदाच वरच्या मजल्यावर गेले आणि बसून-बसून खाली आले.

मुलीला घर देण्याचे कारण स्वयंपाकघराच्या चौकटीवर आहे. एका बाजूला दोन्ही मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, दुसऱ्या बाजूला माझ्या. त्यांच्या वर चढत गेल्या, माझ्या खाली उतरत गेल्या. मुलांच्या खुणांत मध्येच मोठमोठ्या उड्या आहेत. त्या सुट्ट्या. आम्ही प्रवासाला गेलो की मुले मावशीकडे असत आणि तिकडे वाढून येत. मुलगा रमायचा, मावशीच्या घरामागे विटांची भट्टी होती. मुलगी मात्र फाटकाशी बसून राहायची, असे माझ्या बहिणीने मला फार उशिरा सांगितले. मोठी झाल्यावर मुलगी एकदा म्हणाली, "आई, तुम्ही दोघं दगड मोजत होतात आणि मी दिवस मोजत होते." तिच्या हातात तेव्हा लाटणे होते, आणि पोळी करपेपर्यंत ती माझ्याकडे बघत राहिली. मी तवा खाली उतरवला. उत्तर नव्हते असे नाही, पण द्यायला पुष्कळ मागे जावे लागले असते. चौकट रंगवायची की तशीच ठेवायची ते तिने ठरवावे. तिने रंगवली तरी मला चालेल. हे मनापासून लिहीत आहे.

५. बँकेतल्या शिलकीतून आधी कलम दहामधला खर्च व्हावा, मग कलम नऊमधला. त्यानंतर उरेल ते दोघांना सारखे. यावर वाद होणार नाही, कारण फार काही उरणार नाही.

६. घरातल्या वस्तूंची व्यवस्था पुढीलप्रमाणे:

कॅमेरा आणि स्टँड मुलाला. लाकडी फळी मुलीला. मुलगी माझ्याच उंचीची आहे आणि वरच्या फडताळातले डबे काढताना तिची धांदल उडते. लाल स्वेटरचे पायपुसणे करावे. आठवण म्हणून कोणीही कपाटात ठेवू नये. त्यात कसर आहे आणि ती इतर कपड्यांना लागेल. घडीची खुर्ची, जी मास्तरांनी फार उशिरा, मी एका सज्जात चक्कर येऊन पडल्यावर घेतली, ती डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात रांगेत ताटकळणाऱ्यांसाठी ठेवावी. त्या साक्षीदार असल्यामुळे त्यांना काही देता येत नाही, असे वकील म्हणतात. त्यांना देत नाही. रांगेला देते.

चपलावालाही साक्षीदार आहे. तेव्हा त्यालाही काही नाही. माझ्या पायांचे लाकडी साचे त्याच्याच दुकानात आहेत आणि त्याचेच आहेत. त्यांचे त्याने काय हवे ते करावे. चपलांचा शेवटचा जोड, ज्याचा तळ आता जवळजवळ चार इंच झाला आहे, त्याचे काय करायचे ते कलम नऊमध्ये आहे.

विद्यालयाच्या प्राचार्यांना माझा जुना चष्मा द्यावा. मास्तरांच्या शोकसभेत त्यांनी मास्तरांच्या डोळ्यांचे आभार मानले, पायांचे मानले, कॅमेऱ्याचेही मानले. मी पहिल्या रांगेत बसले होते. नंतर चहाच्या वेळी जवळ येऊन म्हणाले, "वहिनी, तुम्हीही कधीमधी सोबत जात असालच." त्या खोलीच्या चारही भिंतींवर मास्तरांच्या स्लाइड्सचे मोठे फोटो लावलेले होते, आणि चारांतही मी होते. चष्म्याचा नंबर त्यांना लागणार नाही, तरी द्यावा.

मास्तरांचा एक जुना विद्यार्थी रेल्वे स्टेशनवर मला लांबून बघून "अहो, पट्टीबाई! तुम्ही पट्टीबाईच ना?" असे ओरडत आला होता. सगळा वर्ग मला त्याच नावाने ओळखतो हे मला तेव्हा कळले. तळपायाची आग मस्तकात गेली. मास्तर वेळापत्रक वाचत असल्यासारखे तोंड फिरवून उभे राहिले. त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही. पण संध्याकाळी एका वेशीवर सुंदर तिरपा उजेड आला, आणि मी जाऊन उभी राहिले. त्या विद्यार्थ्याला मी क्षमा करते. तो निदान मला बघत तरी होता.

७. आता मुख्य गोष्ट. मागच्या खोलीतली कपाटे आणि त्यांतल्या, काचेच्या चौकटीत बसवलेल्या, सर्व स्लाइड्स. या मास्तरांनी मला दिल्या आहेत आणि आज त्या माझ्या एकटीच्या आहेत.

मुलाला त्यांचे पुस्तक काढायचे आहे. चांगली गोष्ट आहे. त्याने मागच्या महिन्यात प्रकाशकाला शब्द दिला. मग एका रविवारी नमुना म्हणून मोठा फोटो गुंडाळी करून घेऊन आला आणि टेबलावर पसरला. चारी कोपऱ्यांवर माझ्या औषधांच्या बाटल्या ठेवल्या.

"कसं वाटतंय, आई?"

"काय आहे हे?"

"अगं, ओळखलं नाहीस? आपला लाल घुमट. बाबांचा."

"मी कुठे आहे?"

"तुला काढलं." मग त्याच्या लक्षात आले. "म्हणजे तसं नाही. स्वच्छ केलं. कॉम्प्युटरवर करतात आता. मागची फरशी भरून घेतली, कळतसुद्धा नाही. बघ ना, किती मोकळं दिसतंय. तू मध्ये येत होतीस."

मी बघितले. माझ्या जागी फरशी होती, छान जुळवलेली.

"केवढा आहे रे हा घुमट?"

"केवढा म्हणजे?"

"नुसतं बघून सांग."

त्याने बघितले. चष्मा वर करून बघितले. माझा मुलगा घरे बांधतो, त्याला नजर नाही असे नाही. पण त्या फोटोत घुमट पालथ्या वाटीएवढाही असू शकत होता. "खाली आकडा छापणार आहोत ना," तो म्हणाला. आणि जरा थांबून, "आई, प्लीज. शब्द दिलाय मी. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कशावर तरी बाबांच्या बरोबरीनं माझं नाव येणार आहे."

हे शेवटचे वाक्य मला लागले. त्याच्या तोंडून असे काही सहसा निघत नाही. लोक त्याला अजूनही मास्तरांचा मुलगा म्हणूनच ओळखतात, आणि त्यात त्याचे केस पांढरे झाले.

मुलीला फोनवर सांगितले तर ती म्हणाली, "दे टाकून सगळं. घर माझ्याकडे आलं ना, तर पहिल्या दिवशी ती कपाटं भंगारवाल्याला घालीन."

म्हणजे मुलगा मला त्यांतून पुसणार आणि मुलगी मला त्यांच्यासकट विकणार. मी दोघांनाही काही बोलले नाही. भांडायला उभे राहावे लागते, आणि माझ्या वाट्याचे उभे राहणे संपले आहे. पण मला वाईट वाटले. फार वाईट वाटले. आयुष्यभर पाय दुखवून मी एकच काम केले, आणि ते मध्ये येण्याचे काम होते, असे मला जाता-जाता सांगण्यात आले.

८. हे कलम मालमत्तेविषयी नाही. वकील म्हणाले गाळा. मी ठेवत आहे, कारण पुढचे कलम त्याच्याशिवाय समजणार नाही.

आमचा शेवटचा प्रवास निळ्या छताच्या दालनाचा. मास्तरांचे डोळे तेव्हा पार गेले होते. कडेकडेचे दिसे, मधोमध नुसता धूर. तरी कॅमेरा गळ्यात होताच. दालन लहान, शहरापासून लांब, आणि फरशी इतकी जुनी नि ठिसूळ की राखणदाराने चपला तर बाहेर काढायला लावल्याच, वर फळीही आत नेऊ दिली नाही. मास्तरांनी त्याच्याशी वाद घातला. राखणदार ऐकेना. शेवटी मी म्हणाले, "अहो, जाऊ द्या. मी अशीच उभी राहते." आणि जाऊन पलीकडच्या भिंतीपाशी, त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिले.

"जरा डावीकडे. हां. हलू नकोस."

मी हलले नाही. खटका काही वाजेना. फरशी गार होती आणि पोटऱ्यांत गोळे येत होते.

"अहो, झालं का?"

त्यांनी आणखी एकदा भिंग फिरवून पाहिले. मग कॅमेरा खाली घेतला. "दिसत नाही गं," ते म्हणाले. "तू कुठे आहेस तेच दिसत नाही. इकडे ये."

मी त्यांच्याजवळ गेले. त्यांनी माझे खांदे चाचपले आणि मला त्यांच्या जागी उभे केले.

"आता वळ. आणि मला सांग."

"काय सांगू?"

"दिसतं ते."

मी वळले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या जागेवर होते जिथून सगळे एकदम दिसते.

"निळं आहे," मी म्हणाले.

"अगं, निळं मला अजून कळतं. पुढे?"

मग मी सांगत गेले. छत भिंतींवर कसे उतरले आहे. बायकांची एक रांग लांबलचक कापड धरून चालली आहे. एका कोपऱ्यात रंग पुरला नाही की दिवस पुरला नाही कोण जाणे, नुसता गिलावा आहे. रांगेतल्या शेवटच्या बाईचा एक पाय रंगवायचाच राहिला आहे. "तिलाही चपला चावत असतील," मी म्हणाले. ते हसले नाहीत, ऐकत होते. डोळे मिटून, मान वर करून.

"उंच किती?"

मी नजरेनेच मोजले. दुसरे माप मला येत नाही. "माझ्यासारख्या नऊ जणी एकीवर एक उभ्या केल्या, की नववीचं डोकं छताला लागेल."

"चपलांसकट?"

"चपला दाराबाहेर आहेत, अहो."

ते ओठांनी पुटपुटत काहीतरी करू लागले. "मग तुझी खरी उंची धरावी लागेल," ते म्हणाले.

"धरा."

आणि त्यांनी धरली. चार फूट आठ इंच, तेव्हाची. तोंडी गुणाकार केला. एवढ्या वर्षांच्या संसारात मास्तरांनी मला आहे तेवढी धरून हिशेब केला तो हा एकदाच. राखणदार किल्ल्या वाजवू लागेपर्यंत आम्ही तिथे होतो. मी बघत होते आणि ते विचारत होते.

यामुळे मी त्यांना सगळे माफ केले असे कोणी समजू नये. परत येताना स्टँड मीच उचलला. पण त्या दालनाची स्लाइड कपाटांत नाही, आणि पाहिले म्हणावे असे मी तेवढेच पाहिले आहे.

९. अट. माझ्या पश्चात एका वर्षाच्या आत मुलगा आणि मुलगी या दोघांनी मिळून, आपापल्या संसाराला घरी ठेवून, निळ्या छताच्या दालनात प्रत्यक्ष जावे. खर्च माझ्या शिलकीतून. दालनाच्या बाहेर उजव्या हाताला सावलीत दगडी बाक आहे. भाऊबहीण वाटेत भांडतीलच. ते त्या बाकावर बसून भांडून घ्यावे आणि मग आत जावे.

आत मुलाने चपला काढून, पलीकडच्या भिंतीला पाठ करून, मी उभी होते तिथे उभे राहावे. मुलीने दारापाशी, मास्तरांच्या जागी. ती "वळ" म्हणेपर्यंत त्याने वळू नये, बसू नये, एका पायावर भार देऊ नये. ती लवकर म्हणणार नाही, हे मी ओळखून आहे. म्हणू नये. त्याच्या पोटऱ्या दुखू लागल्या पाहिजेत. त्याला समोर फक्त बघणाऱ्या माणसाचा चेहरा दिसावा. मग त्याने तिच्याजवळ यावे, वळावे, आणि दोघांनी शेजारी-शेजारी उभे राहून पोटभर बघावे. फोटो कोणीही काढू नये.

मुलीला माझे एवढेच सांगणे आहे. तुला मावशीच्या फाटकाशी ठेवून आम्ही काय बघायला जात होतो, ते एकदा बघ. त्यानंतर राग धरायचा तर खुशाल धर. निदान कशावर धरला आहे ते तुला माहीत असेल.

दालनातून बाहेर आल्यावर मुलाने तिथेच बाकावर बसून ठरवावे. त्यालाच ठरवू द्यावे. मुलीने मध्ये बोलू नये, जावयांना फोन करू नये. त्याला तेव्हाही वाटले की मी मध्ये येते, तर मला सगळ्या स्लाइड्समधून पुसावे आणि पुस्तक काढावे. माझी हरकत नाही, आणि मुलीनेही घेऊ नये. त्याचा शब्द राहील, त्याचे नाव येईल. मग चपलांचा जोड, माझी रक्षा जिथे सोडली असेल तिथे, माझ्या मागोमाग सोडावा.

त्याला तसे वाटले नाही, तर मला आहे तिथे राहू द्यावे, आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर एक ओळ घालावी: मापासाठी उभी असलेली व्यक्ती, उंची पाच फूट, चपलांसह. चपलांच्या तळाची जाडी वर्षागणिक शेवटी द्यावी; मास्तरांनी ती टिपून ठेवली आहे. ज्याला खरी उंची हवी त्याने वजाबाकी करावी. चपला तेव्हा मुलाने ठेवाव्यात. पुस्तकावर नाव मात्र दोघा बापलेकांचे असावे. माझे घालायचा मोह आवरावा.

दोघे गेलेच नाहीत, तर वर्ष उलटल्यावर कपाटे मुलीच्या म्हणण्याप्रमाणे भंगारवाल्याला द्यावीत. जावयांनी हे कलम तंतोतंत पाळावे, बायकोच्या आणि मेव्हण्याच्या तोंडाकडे न बघता.

१०. माझे मागचे सगळे साधेपणाने आणि लवकर उरकावे. भाषणे नकोत. लोकांना उभे राहून श्रद्धांजली वाहायला लावू नये. ज्यांना वाहायची असेल त्यांनी बसून वाहावी. वर्तमानपत्रात फोटो द्यायचा झाला तर पंचाईत होईल, हे मला माहीत आहे. पासपोर्टवरचा सोडला तर जवळून काढलेला माझा एकही फोटो नाही, आणि त्या पासपोर्टवरच्यात मी पकडून आणल्यासारखी दिसते. तेव्हा एखादी स्लाइड द्यावी. पण मला कापून मोठे करू नये. मागची इमारत राहू द्यावी. तिच्यासाठीच गेले होते.

पायांत काहीही घालू नये. चपला घरीच ठेवाव्यात; त्यांचे काय ते कलम नऊप्रमाणे मागाहून ठरेल.

वरील मजकूर मी वाचला, वकिलांनी मोठ्याने वाचून दाखवला, आणि एका ठिकाणी थांबून त्यांनी मुलाच्या घरातला तो जिना किती उंच असेल असे मला विचारले. मजकूर बरोबर आहे. सही साक्षीदारांच्या देखत करत आहे आणि त्यांनी माझ्या देखत करावी.

साक्षीदार पहिली: डॉक्टरीणबाई, खालचा मजला. मृत्युपत्र करणाऱ्या बाई पूर्ण भानावर आहेत. सहीआधी त्यांनी मला वजन नको, फक्त उंची मोजा असे सांगितले. स्वयंपाकघराच्या चौकटीला उभे करून मोजली आणि त्यांच्या सांगण्यावरून पेन्सिलीने खूण केली. (सही)

साक्षीदार दुसरा: चपलावाला, कोपऱ्यावरचे दुकान. मोजताना चपला मी माझ्या हाताने काढून बाजूला ठेवल्या. एवढ्या वर्षांत मी बाईंना त्यांच्या खऱ्या उंचीत प्रथमच बघितले. (सही)

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघर, खिडकीकडे तोंड करून.

दिनांक: चौदा मार्च, दुपार.

मृत्युपत्र करणारी: (सही)

उंची चार फूट सात इंच.